वारा, पाणी आणि विमापत्र: मेक्सिकोच्या आखातावरील एका वादाचा इतिहास

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याला लाभलेला समुद्रकिनारा लांबीने फार मोठा नाही; परंतु पास क्रिश्चियन, लाँग बीच, गल्फपोर्ट, बिलॉक्सी आणि पास्कागूला या त्यावरील गावांत 29 ऑगस्ट 2005 या दिवशी जे घडले, त्याचा न्यायनिवाडा करण्यात त्या देशाची न्यायालये पुढील अकरा वर्षे गुंतून पडली होती. ‘कतरिना’ या चक्रीवादळाने आखाताचे पाणी पास क्रिश्चियनजवळ सुमारे 28 फूट उंचीपर्यंत चढविले, आणि ते उधाण ओसरल्यावर समुद्राला समांतर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला घरांच्या ठिकाणी त्यांची काँक्रीटची जोती तेवढी उरली. जोत्यावर चढणाऱ्या चार पायऱ्या, जमिनीतून वर आलेली नळांची तुटकी तोंडे आणि भिंतींची लाकडी चौकट ज्यांनी जखडून ठेवली होती ते वाकलेले बोल्ट, एवढीच काय ती एका संसाराची निशाणी. विमा कंपनीचा तपासनीस पंचनामा करण्यासाठी त्या जोत्यावर येऊन उभा राही, तेव्हा त्याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असे: घर वाऱ्याने पाडले की पाण्याने? वाऱ्याने पाडले असेल तर भरपाई मिळावयाची आणि पाण्याने पाडले असेल तर एक छदामही मिळावयाचा नाही, असा त्या विमापत्राचा करार होता. आणि ज्या घराची एक फळीही जागेवर राहिलेली नाही, त्याच्याविषयी हा प्रश्न विचारला जात होता.

वारा आणि पाणी यांची ही फारकत निसर्गाने केलेली नव्हे. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ ही एकच आपत्ती असते. त्यातील वाराच पाण्याला किनाऱ्यावर लोटतो. फारकत केली ती विम्याच्या व्यवहाराने, आणि ती का व कशी झाली हे समजून घेतल्याशिवाय पुढील सारे कज्जे अनाकलनीय वाटतात.

घराचा विमा ही संस्था मुळात आगीच्या भयातून जन्मास आली. 1666 च्या लंडनमधील प्रलयंकारी अग्निकांडानंतर ती तेथे रुजली, आणि 1752 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया येथे परस्पर-साहाय्याच्या तत्त्वावर स्थापलेल्या मंडळीने तिला अमेरिकेत स्थैर्य दिले. जवळजवळ दोन शतके घराचा विमा म्हणजे आगीचा विमा असाच अर्थ होता. 1930 च्या दशकात आगीच्या विमापत्राला वादळ, गारपीट, स्फोट इत्यादी संकटांची पुरवणी जोडण्याचा शिरस्ता पडला, आणि 1950 नंतर आग, वारा, चोरी व दायित्व या सर्वांना एकाच दस्तऐवजात सामावून घेणारे ‘गृहस्वामी विमापत्र’ सर्वत्र रूढ झाले. वाऱ्याला असा घरात प्रवेश मिळाला. पाण्याला मात्र उंबरठ्याबाहेरच ठेवण्यात आले. वारा कोणाच्याही छपरावर आघात करू शकतो, त्यामुळे लाखो लोकांच्या हप्त्यांतून काहींचे नुकसान भरून काढणे शक्य होते. पूर मात्र सखल भागातील ठराविक घरांतच शिरतो, म्हणून विमा उतरविण्यास पुढे येतात ते ज्यांना बुडण्याची जवळजवळ खात्री आहे असेच लोक, आणि त्या सर्वांचे नुकसान एकाच दिवशी होते. 1927 मध्ये मिसिसिपी नदीला आलेल्या महापुराने हा धडा इतक्या कठोरपणे शिकविला की त्यानंतर खाजगी कंपन्यांनी पुराच्या विम्यातून आपले अंग काढून घेतले.

ही पोकळी शासनाने भरावी हा विचार पुढे आला खरा, परंतु 1956 मध्ये संमत झालेला पूरविम्याचा कायदा पैशाची तरतूद न झाल्याने कागदावरच राहिला. 1965 च्या सप्टेंबरात ‘बेट्सी’ या चक्रीवादळाने लुइझियाना राज्यात हाहाकार उडविल्यावर प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला, आणि 1968 मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय पूरविमा योजना अस्तित्वात आली. पुढे 1973 च्या कायद्याने, पूररेषेच्या आतील घर गहाण ठेवून कर्ज घेणाऱ्यास हा विमा सक्तीचा झाला. अशा रीतीने एकाच छपराखाली दोन विमापत्रे नांदू लागली: वाऱ्याचे खाजगी कंपनीचे आणि पाण्याचे सरकारचे; त्यातही सरकारी विमापत्राची मर्यादा राहत्या घरासाठी 2,50,000 डॉलरच्या पुढे जात नव्हती. 1983 मध्ये यात आणखी एक गुंतागुंत निर्माण झाली. सरकारी पूरविम्याची विक्री आणि त्याच्या दाव्यांची तपासणी ही दोन्ही कामे मोबदला देऊन खाजगी कंपन्यांकडेच सोपविण्यात आली. एकाच कंपनीचा तपासनीस एकाच घराचे नुकसान पाही, आणि त्यातील जेवढे वाऱ्याच्या खाती मांडी तेवढे त्याच्या धन्याच्या तिजोरीतून जाई, तर जेवढे पाण्याच्या खाती मांडी तेवढे सरकारी खजिन्यातून. न्यायाधीशाचा निर्णय ज्याच्या खिशाला बाधतो त्यालाच न्यायासनावर बसविण्याचा हा प्रकार होता, आणि त्याची कटू फळे पुढे मिळाल्याशिवाय राहिली नाहीत.

‘कतरिना’च्या छत्तीस वर्षे आधी, 17 ऑगस्ट 1969 च्या रात्री, ‘कॅमिल’ नावाचे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले होते, आणि पास क्रिश्चियन येथे पाणी सुमारे 24 फूट चढले होते. जोत्यांच्या वादाचा उगम येथे आहे. घर जागेवर नाही, साक्षीदार पळून गेलेले किंवा मृत; अशा स्थितीत घरमालक न्यायालयात गेले, आणि 1971-72 च्या सुमारास मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला की घर वाऱ्याने पडले की पाण्याने हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे; परिस्थितिजन्य पुराव्यावरून त्याचा निर्णय करण्याचा अधिकार ज्यूरीला आहे, आणि पाणी येण्यापूर्वी वाऱ्याने घर उद्ध्वस्त केले असे तिला वाटल्यास विमेदाराला भरपाई मिळाली पाहिजे.

या दंडकाच्या मागे निकट कारणाचे जुने तत्त्व उभे होते. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये ‘इकारिया’ नावाच्या जहाजाला ल हाव्र बंदराजवळ जर्मन पाणतीर लागला. जखमी जहाज बंदरात आणले गेले, तेथे वादळामुळे ते धक्क्यावर आदळू लागले म्हणून बाहेरच्या बाजूस हलविण्यात आले, आणि अखेरीस ते तेथे बुडाले. विमापत्रात सागरी संकटे अंतर्भूत होती, युद्धाची वगळलेली. 1918 मध्ये ब्रिटिश उमराव सभेने निर्णय दिला की काळाच्या दृष्टीने शेवटचे कारण हे खरे कारण नव्हे. ज्याचा परिणाम अखेरपर्यंत प्रभावी राहिला तो पाणतीर हेच निकट कारण होय. त्या खटल्यात हे तत्त्व विमेदाराच्या विरुद्ध गेले, हे खरे. परंतु कारणांच्या साखळीतील प्रबळ दुवा कोणता हे न्यायबुद्धीने शोधावे, हा त्यातील विचार उभय पक्षांना सारखाच लागू पडणारा होता.

विमा कंपन्यांना ही समता परवडेनाशी झाली. कॅलिफोर्नियातील पाम डेझर्ट येथील पुराच्या एका खटल्यात 1982 मध्ये संघीय अपील न्यायालयाने असे म्हटले की पूर-नियंत्रणाच्या बांधकामातील हयगय हे जर प्रभावी कारण ठरले, तर पुराचा अपवाद दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. यानंतर थोड्याच वर्षांत विमापत्रांच्या मसुद्यांत एक नवे कलम अवतरले. त्याचा आशय असा की वगळलेल्या संकटाने नुकसान झाले असेल, तर अन्य कोणतेही कारण त्याच वेळी वा मागेपुढे, कोणत्याही क्रमाने, त्यास हातभार लावीत असले तरी भरपाई देय होणार नाही. ते किनाऱ्यावरील घरमालकाच्या विमापत्रात जाऊन बसले, तेव्हा वारा व पाणी एकत्र येणाऱ्या प्रत्येक वादळात त्याच्या हक्कावर टांगती तलवार राहिली. 1992 मध्ये ‘अँड्र्यू’ वादळाने फ्लॉरिडात अकरा विमा कंपन्या बुडविल्या, आणि उरलेल्यांनी चक्रीवादळाच्या दाव्यांत घराच्या विमा-रकमेच्या ठराविक टक्क्यांइतका पहिला भार विमेदाराच्याच शिरावर टाकण्याची प्रथा पाडली. ‘कतरिना’ आले ते या पार्श्वभूमीवर.

पास्कागूला येथील एका दांपत्याच्या घरात पाच फुटांच्या आसपास पाणी शिरले होते. वाऱ्याने छपराची काही कवले उडाली होती आणि एका खिडकीला भोक पडले होते. आपले घर पूररेषेबाहेर असल्याने पूरविम्याची आवश्यकता नाही असे विमा दलालाने सांगितल्याची त्यांची तक्रार होती. त्यांची मागणी 1,30,000 डॉलरहून अधिक होती. 2006 मध्ये न्यायाधीश एल. टी. सेंटर यांनी वाऱ्याने झालेले म्हणून जे जादा नुकसान त्यांच्या पदरी टाकले, ते सुमारे 1,228 डॉलर भरले. मात्र याच न्यायाधीशांनी पुराव्याच्या भाराविषयी जी भूमिका घेतली ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचारार्ह आहे. जे विमापत्र सर्व संकटांना संरक्षण देते आणि त्यांतून काही वगळते, त्यात विमेदाराने केवळ नुकसान दाखवावे. ते वगळलेल्या कारणाने झाले हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. बिलॉक्सीतील ज्या घराचे जोतेच तेवढे उरले होते त्याच्या खटल्यात, 2007 च्या जानेवारीत, पाण्याचा वाटा किती हे कंपनीला वेगळे काढून दाखविता आले नाही म्हणून त्यांनी विमापत्राची 2,23,292 डॉलर ही पूर्ण रक्कम देवविली, आणि ज्यूरीने त्यावर 25,00,000 डॉलरचा दंड ठोठावला. वरिष्ठ न्यायालयाने पुराव्याच्या भाराविषयीचे तत्त्व मान्य केले, पण निकाल रद्द करून फेरसुनावणीचा हुकूम दिला.

न्यू ऑर्लीन्समध्ये हाच वाद निराळ्या रूपाने उपस्थित झाला. तेथे शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला तो कालव्यांचे बांध फुटल्याने. मग माणसाच्या हलगर्जीपणाने आलेल्या पाण्यास पूर म्हणावयाचे काय? 2006 मध्ये एका संघीय न्यायाधीशाने घरमालकांचे म्हणणे उचलून धरले, परंतु 2007 मध्ये अपील न्यायालयाने व 2008 मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले.

मिसिसिपीत मात्र घरमालकांना एक मोठा आधार मिळाला. 8 ऑक्टोबर 2009 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लाँग बीच येथील एका निवृत्त सेनाधिकाऱ्याच्या घराविषयी निर्णय देताना म्हटले की नुकसान ज्या क्षणी होते त्याच क्षणी विमेदाराचा हक्क उत्पन्न होतो. वाऱ्याने आधी छप्पर नेले असेल, तर त्या छपराची भरपाई मागाहून आलेले पाणी हिरावून घेऊ शकत नाही. ‘कोणत्याही क्रमाने’ या शब्दांची धार या एका निकालाने बोथट झाली.

तपासणीच्या दुहेरी व्यवस्थेतील दोषही याच काळात उघडकीस आला. स्टेट फार्म या बलाढ्य कंपनीचे दावे तपासणाऱ्या दोन भगिनींनी असा आरोप केला की वाऱ्याचे नुकसान पाण्याच्या नावे दाखवून त्याचा बोजा सरकारी पूरविम्यावर ढकलण्यात आला. 2013 मध्ये ज्यूरीने नमुन्यादाखल चालविलेल्या एका घराच्या बाबतीत हा आरोप ग्राह्य धरला, आणि 6 डिसेंबर 2016 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील एकमताने फेटाळले. उलट, 2012 च्या ‘सँडी’ वादळानंतर न्यूयॉर्क राज्यात पूरविम्याच्याच दाव्यांत अभियंत्यांचे अहवाल मागाहून फिरविण्यात आल्याचे आढळले. पाण्याने खिळखिळे झालेले घर आधीपासूनच खचत होते असे दाखविण्यात आले होते. त्या प्रकारावर न्यायालयाने 2014 मध्ये कडक ताशेरे ओढल्यावर 2015 मध्ये सरकारला ‘सँडी’चे दावे पुन्हा उघडावे लागले. अहवाल लिहिणाऱ्याला पैसे देणारा आणि त्या अहवालाने बांधला जाणारा पक्ष एकच असेल, तर सत्य सुरक्षित राहत नाही, एवढाच या दोन्ही प्रकरणांचा मथितार्थ.

उपाय सुचविले गेले नाहीत असे नव्हे. ज्यांचे स्वतःचे घर वादळात गेले होते ते बे सेंट लुइसचे प्रतिनिधी जीन टेलर यांनी वारा व पाणी या दोहोंचा एकच सरकारी विमा असावा असे विधेयक मांडले. 2007 च्या सप्टेंबरात ते कनिष्ठ सभागृहात संमतही झाले, परंतु सेनेटमध्ये वाऱ्याची तरतूद टिकली नाही. 2012 च्या एका कायद्याने, जोतेच उरलेल्या घरांसाठी वारा व पाणी यांचा त्या त्या ठिकाणचा तासवार इतिहास शास्त्रीय गणिताने सिद्ध करण्याचे काम सरकारी हवामान खात्याकडे दिले. अपक्षपाती मोजणीचा विचार म्हणून तो स्तुत्य आहे. पण एकाच आपत्तीची दोन खाती त्यानेही कायमच ठेवली.

आपल्याकडे अग्निविम्याच्या पत्रात वादळ, तुफान, पूर व जलप्लावन ही संकटे एकाच गटात एकत्र येतात, आणि 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रातही चक्रीवादळ व पूर दोन्ही अंतर्भूत आहेत. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरांची कौले व वाड्यांतील माड उद्ध्वस्त केले, तेव्हा आपल्या लोकांची अडचण विमा मुळातच उतरविलेला नसणे ही होती. ती दूर करताना संकटांची ही एकत्र बांधणी आपण कधीही सैल होऊ देता कामा नये.

आखाती किनाऱ्यावरील त्या जोत्यांनी शिकविलेला न्याय सरळ आहे. जो एकाच आपत्तीचे दोन तुकडे करून त्यांतील एक नाकारतो, त्यानेच ते तुकडे सिद्ध करून दाखवावेत. ज्याचा पुरावा समुद्राने नेला, त्याच्याकडे पुरावा मागू नये. आणि ह्यूस्टन, टँपा किंवा मायामीच्या परिसरात ज्यांनी घरे घेतली आहेत अशा आपल्या बांधवांनी पुढील वादळी मोसम सुरू होण्यापूर्वी आपली दोन्ही विमापत्रे समोर ठेवून अपवादांची कलमे शब्दशः वाचावीत, पूरविमा नसल्यास तो वेळीच उतरवावा, कारण तो अमलात येण्यास सामान्यतः तीस दिवस लागतात, आणि घराची आतून-बाहेरून छायाचित्रे काढून ती दूर सुरक्षित ठेवावीत.