स्मशानाची परवानगी

आश्वलायनाच्या गृह्यसूत्रांत प्रेतदहनाच्या भूमीचें लक्षण सांगितलें आहे. ती सभोंवार मोकळी असावी आणि तिचा उतार दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे असावा. परंतु त्या भूमीवर अग्नि देण्याची मुभा कोणापाशीं मागावी, हें सूत्रकार सांगत नाहीं. अशी मुभा मागावी लागेल ही कल्पनाच त्याच्या मनांत आली नसावी. आज ती मागावी लागते, आणि मागितल्याचें भानही बहुतेकांस राहत नाहीं. आम्ही ज्या मानपाड्यांत राहतों (ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील; डोंबिवलीजवळचा मानपाडा निराळा), तेथें गिरगांव-दादरहून आलेलीं कितीतरी कुटुंबें आहेत. घरांत कोणी वारलें म्हणजे डॉक्टरचा दाखला घ्यावा, तो स्मशानांत दाखवावा, एकवीस दिवसांच्या आंत मृत्यूची नोंद करावी, एवढें सर्वांस ठाऊक असतें. आणि हे सारे निव्वळ सरकारी सोपस्कार आहेत असा समज असतो. मुंबईच्या स्मशानांचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा वृत्तांत पाहतां हा समज टिकत नाहीं. कायद्यानें उघडपणें विचारलें तें आरोग्याविषयीं. परवानगी देतांना वा नाकारतांना मात्र, मेलेला मनुष्य कोण होता, याचाच विचार वारंवार झालेला दिसतो.

आरंभ सोनापुरापासून करावयास हवा. आजच्या मरीन लाइन्स स्टेशनालगतची ही जागा एके काळीं शहराबाहेर, समुद्राच्या कांठीं होती. तेथें हिंदूंचीं प्रेतें जळत, मुसलमानांचीं दफनें होत, आणि बेटाच्या दक्षिण टोंकाजवळील मेंडॅम्स पॉइंटचें जुनें कबरस्तान बंद झाल्यावर इंग्रजांनींही आपले मृत येथेंच आणून पुरले. मुंबईच्या बोलींत ‘सोनापूरला जाणें’ याचा अर्थ वाचकांस सांगावयास नको. पुढें वस्ती वाढतां वाढतां स्मशानाला येऊन भिडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदूंचें स्मशान तेथून उठवून शिवडीस न्यावें, असा बेत सरकारांत निघाला. नाना शंकरशेट यांनीं त्यास विरोध केला. या विरोधाला धर्माभिमान म्हणून बाजूस सारणें सोपें आहे. परंतु आपल्याकडे प्रेत जातें तें खांद्यावर, ही साधी गोष्ट ध्यानांत घ्यावी. गाडींतून मृत नेणाऱ्यांस गिरगांव ते शिवडी हें अंतर कांहींच नव्हे. ज्या गरिबास चार खांदेकरी मिळतांना मारामार, त्यास भर पावसाळ्यांत तेवढी वाट चालावयास लावणें म्हणजे शिक्षाच. नानांच्या प्रयत्नास यश आलें, आणि स्मशान जागच्या जागीं राहिलें. गंमत अशी कीं, शिवडीस अखेर गेले ते इंग्रजच! म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनीं १८६५ मध्यें तेथें जागा मिळविली, आणि ख्रिस्ती कबरस्तान तेथें वसलें.

या संदर्भांत विलायतेंतील एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सोनापूर हलविण्याचा विचार जे राज्यकर्ते करीत होते, त्यांच्या स्वतःच्या देशांत प्रेत जाळणें कायदेशीर आहे कीं नाहीं, याचाच निर्णय झालेला नव्हता. १८८४ मध्यें वेल्समधील विल्यम प्राइस नांवाचा एक विक्षिप्त डॉक्टर आपल्या तान्ह्या मुलाचें प्रेत टेकडीवर जाळूं लागला. लोकांनीं तें ओढून काढलें आणि त्याच्यावर खटला झाला. न्यायमूर्ति स्टीफन यांनीं निकाल दिला कीं, सार्वजनिक उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नव्हे. दुसऱ्या वर्षीं वोकिंग येथील दाहिनींत पहिलें दहन झालें, आणि पार्लमेंटचा कायदा १९०२ सालीं आला. पश्चिमेकडे अंत्यविधि हा पुढें एक धंदाच झाला व कायदा त्या धंद्याच्या मागें लागला; अमेरिकेंत १९८४ पासून अंत्यविधीच्या व्यावसायिकानें प्रत्येक बाबीचा दर गिऱ्हाइकास लेखी दिला पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे तिरडी शेजारीपाजारी बांधतात. धंदा असा फारसा उभा राहिला नाहीं, म्हणून कायद्यानें धरली ती जागा.

तो कायदा म्हणजे १८८८ चा मुंबई म्युनिसिपल कायदा. फिरोजशहा मेहता व काशिनाथपंत तेलंग यांनीं त्याला आकार देण्यासाठीं कौन्सिलांत केलेले श्रम प्रसिद्ध आहेत, आणि त्याची कीर्ति नागरिकांच्या स्वायत्ततेबद्दल आहे. त्यांतील ४३५ व्या कलमापासूनचा भाग मात्र सहसा कोणी वाचीत नाहीं. प्रत्येक स्मशानाची व कबरस्तानाची नोंद झाली पाहिजे. कमिशनरच्या परवानगीवांचून नवी जागा उघडूं नये. अपायकारक झालेली जागा सरकारला बंद करवितां यावी. पुरलेलें प्रेत परवानगीशिवाय उकरूं नये. अशीं तीं कलमें आहेत. दाट वस्तीच्या शहरांत अशी व्यवस्था हवीच, आणि तीं कलमें शहाणपणानें लिहिलेलीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु ‘परवानगी’ हा शब्द कायद्यांत आला म्हणजे देणारा हात आला, आणि देणारा हात आखडतांही येतो.

आठच वर्षांनीं प्लेग आला. १८९७ च्या साथरोगाच्या कायद्यानें अधिकाऱ्यांस जे अमर्याद अधिकार मिळाले, त्यांत प्रेतांची तपासणीही होती. घरच्या बाईचें प्रेत परक्या पुरुषानें उघडें करून पाहावें, ही गोष्ट लोकांस रोगाहून भयंकर वाटली, आणि परिणामीं मृत्यूच लपविले जाऊं लागले. म्हणजे ज्या हेतूनें तपासणी सुरू केली तोच फसला. त्या कारभाराचा पुण्यांतील शेवट सर्वश्रुत आहे. येथें तो लांबवीत नाहीं.

परवानगीचा खरा अर्थ उघड झाला तो चौपाटीवर. १ ऑगस्ट १९२० रोजीं मध्यरात्र उलटल्यावर लोकमान्य टिळक सरदारगृहांत वारले. पाऊस कोसळत होता, आणि लोकांचा जो समुदाय लोटला तो सोनापूरच्या आवारांत मावणें शक्य नव्हतें. सरकारनें खास परवानगी दिली, आणि पद्मासनांत बसविलेल्या त्या देहास गिरगांव चौपाटीच्या वाळूवर अग्नि देण्यांत आला. ज्या सरकारनें त्यांस सहा वर्षें मंडालेच्या तुरुंगांत ठेविलें, त्यानेंच नेहमीच्या नियमास अपवाद केला! कोणी यांत उदारपणा पाहतात. आम्हांस त्यांत गर्दीचा हिशेबच अधिक दिसतो. तेरा वर्षांनीं सरकारचा हिशेब बदललेला होता. मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले लोकनियुक्त अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल २२ ऑक्टोबर १९३३ रोजीं स्वित्झर्लंडमध्यें वारले. त्यांचा देह बोटीनें मुंबईस आणण्यांत आला. चौपाटीवर, टिळकांच्या शेजारीं आपलें दहन व्हावें, अशी त्यांची इच्छा होती. ती परवानगी मिळाली नाहीं, आणि १० नोव्हेंबरला सोनापुरांतच त्यांस अग्नि दिला गेला. विठ्ठलभाई एके काळीं मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते, म्हणजे या कायद्यानें चालणाऱ्या संस्थेचेच प्रमुख. वाळू तीच, समुद्र तोच, वाराही तोच. १९२० मध्यें जें आरोग्यास बाधक नव्हतें तें १९३३ मध्यें बाधक झालें असें कोणी म्हणणार नाहीं. स्वराज्यांतही हा अपवाद उरलाच. १८ नोव्हेंबर २०१२ रोजीं बाळ ठाकरे यांचें दहन शिवाजी पार्कच्या मैदानावर झालें तें खास परवानगीनेंच.

मुभा नाकारणारें सरकार एकटें होतें असें मात्र नव्हे. म्युनिसिपल कायद्याच्या कलमांत जात नव्हती. गांवकीच्या स्मशानांत ती लिहिल्यावांचूनच पाळली जात होती. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानें नदी, विहीर व पाणवठा यांच्या जोडीला स्मशानाचेंही नांव घेतलें, आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथें मज्जाव करणें हा गुन्हा ठरविला. पुढच्याच वर्षीं, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर दिल्लींत वारले. दुसऱ्या दिवशीं दादरच्या समुद्रकांठीं बौद्ध पद्धतीनें त्यांस अग्नि देण्यांत आला; तेथेंच आज चैत्यभूमि आहे. जातवार स्मशानें मात्र महाराष्ट्राच्या खेड्यांतून अद्याप संपलेलीं नाहींत.

करोनाच्या साथींत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ३० मार्च २०२० रोजीं मुंबई महापालिकेनें परिपत्रक काढलें कीं, या रोगानें दगावलेल्या सर्वांचें, धर्म कोणताही असो, दहनच करावें. तें त्याच दिवशीं मागें घ्यावें लागलें. नंतर दफनासाठीं वीस कबरस्तानें नेमून देण्यांत आलीं, तेव्हां वांद्र्याच्या कबरस्तानांत अशीं दफनें नकोत म्हणून कांहीं रहिवासी उच्च न्यायालयांत गेले. २२ मे २०२० रोजीं मुख्य न्यायमूर्ति दीपांकर दत्ता व न्यायमूर्ति शिंदे यांनीं त्यांचें म्हणणें फेटाळलें. प्रेतापासून या रोगाचा फैलाव होतो यास शास्त्रीय पुरावा नाहीं, आणि सन्मानानें अंत्यविधि होणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील हक्काचा भाग आहे, असें न्यायालयानें सांगितलें. या खेपेस परवानगी देणारा हात अधिकाऱ्याचा होता, आणि तो मागें ओढूं पाहणारे शेजारी होते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

ठाण्यास महापालिका १९८२ सालीं आणि कल्याण-डोंबिवलीस १९८३ सालीं झाली. स्मशानांची सोय करणें व त्यांवर देखरेख ठेवणें हें १९४९ च्या प्रांतिक महापालिका कायद्यानें त्यांचें कर्तव्य आहे. जुन्या गांवच्या स्मशानापर्यंत नव्या इमारती पोहोंचल्या म्हणजे धूर खिडकींत येतो, आणि ती तक्रार खोटी नसते. उंच धुराडें, गॅसची वा विजेची दाहिनी, हे त्यावरील उपाय आहेत. परंतु स्मशानच येथून उठवा, अशी मागणी जेव्हां कानीं येते तेव्हां ती शब्दशः शिवडीच्या बेताची भाषा असते. फरक एवढाच कीं, ती बोलणारांत आतां नानांच्या गिरगांवाहून आलेलेही असतात.