१८४७ ची पुस्तिका आणि तिचा कागद

१/ जुन्या पुस्तकाचे मोल कशावरून ठरते? वयावरून, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नव्हे. अठराव्या शतकातील इंग्रजी प्रवचनांचे जाडजूड संग्रह आजही अल्प किमतीत मिळतात, आणि शंभरीही न गाठलेल्या एखाद्या कवितासंग्रहासाठी लिलावात चढाओढ लागते. मागणी, शिल्लक प्रतींची संख्या, आवृत्ती आणि प्रतीची स्थिती या चार गोष्टींवर किंमत उभी राहते.

२/ पण आवृत्ती पहिलीच आहे, हे सांगणार कोण? ग्रंथसूचीकार. कोणते पुस्तक कधी, कोठे, किती पृष्ठांचे निघाले याची नोंद तो करतो आणि विक्रेता त्या नोंदीकडे बोट दाखवून भाव सांगतो. हा धागा अशा एका गृहस्थाविषयी आहे, ज्याने सूचीही लिहिली आणि तिच्यात नोंदवलेला मालही स्वतःच छापून घेतला.

३/ टॉमस जेम्स वाइझ (१८५९–१९३७). लंडनमध्ये सुगंधी तेलांच्या एका पेढीत नोकरी. पगारातून पैसे वाचवून त्याने पुस्तके जमवायला आरंभ केला आणि पुढे ‘ॲशली लायब्ररी’ हा इंग्रजी काव्य-नाट्याचा नामांकित खाजगी संग्रह उभा केला. ब्राउनिंग, टेनिसन, स्विनबर्न यांच्या सूची त्याच्या. बिब्लिओग्राफिकल सोसायटीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली. ग्रंथसंग्राहकांच्या जगात त्याचा शब्द म्हणजे निवाडा.

४/ १८८० च्या दशकात शेली सोसायटीसाठी वाइझ जुन्या दुर्मीळ पुस्तिकांच्या हुबेहूब प्रतिकृती छापून घेत असे. काम रिचर्ड क्ले यांच्या छापखान्यात होई. हे अगदी उघड, प्रामाणिक काम होते. मात्र प्रतिकृतीवर छापलेले जुने वर्ष किती सहज पटते, हे त्याला येथेच उमगले असावे.

५/ त्यातून निघालेली युक्ती विलक्षण हुशारीची होती. अस्तित्वात असलेल्या दुर्मीळ पुस्तकाची नक्कल केली, तर अस्सल प्रत शेजारी ठेवून कोणीही चोरी पकडील. म्हणून त्याने कधी नसलेलीच पुस्तके निर्माण केली! नामवंत कवीची एखादी प्रसिद्ध रचना घ्यायची, छोटी पुस्तिका छापायची आणि तिच्यावर रचनेच्या ज्ञात प्रथम प्रकाशनाच्या आधीचे वर्ष घालायचे. झाली ‘खाजगी प्रथमावृत्ती’. ताडून पाहायला अस्सल प्रतच नाही.

६/ यातील सर्वांत गाजलेली पुस्तिका एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या प्रेमसुनीतांची. रॉबर्ट ब्राउनिंगबरोबरच्या प्रणयकाळात लिहिलेली ही सुनीते १८५० साली तिच्या काव्यसंग्रहात प्रथम प्रकाशित झाली. वाइझच्या पुस्तिकेवर मात्र ‘रेडिंग, १८४७’ असा छाप होता. तिला आधार म्हणून एक गोड कथाही प्रचलित झाली: विवाहानंतर पिसा येथे राहत असताना एलिझाबेथने हस्तलिखित पतीच्या खिशात सारले, मग ते इंग्लंडातील मैत्रीण मेरी रसेल मिटफर्डकडे गेले आणि रेडिंगला छापले गेले. एडमंड गॉससारख्या मान्यवर समीक्षकाने ती १८९४ मध्ये छापून टाकली. प्रत्यक्षात रॉबर्टच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे सुनीते त्याने पाहिली ती १८४९ मध्ये.

७/ पुढचे पाऊल किमतीचे. पुस्तिकेच्या प्रती थोड्या थोड्या बाजारात सोडायच्या, म्हणजे दुर्मीळतेचा आभास टिकतो. काही ब्रिटिश म्युझियमला द्यायच्या, म्हणजे ती तेथील सूचीत येते. लिलावात एखादी विकली गेली की भावाची छापील नोंद होते. आणि शेवटी आपल्याच ग्रंथसूचीत तिचे सविस्तर वर्णन. विकत घेणारा अभ्यासू असेल तर हे सर्व पुरावे तपासतो, आणि प्रत्येक पुराव्याच्या मागे तोच एक माणूस उभा असतो. अमेरिकेतील धनिक संग्राहकांनी या पुस्तिकांसाठी चांगल्या रकमा मोजल्या.

८/ शंका अगदीच कोणाला आली नाही, असे नाही. रस्किनच्या ग्रंथावलीच्या संपादकांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले होते की, १८६४ साल छापलेल्या एका पुस्तिकेत रस्किनने १८७१ मध्ये केलेल्या दुरुस्त्या आधीच आल्या आहेत. बाजाराने तिकडे काणाडोळा केला. ज्याने दाम मोजले त्याला असे काही ऐकायचे नसते.

९/ मग जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड हे तिशीच्या आसपासचे दोन पुस्तकविक्रेते या प्रकरणाच्या मागे लागले. त्यांचा पहिला प्रश्न साधा होता. १८४७ ची म्हणवणाऱ्या या पुस्तिकेची एकही प्रत कवयित्रीने कोणाला सही करून दिलेली का आढळत नाही? ब्राउनिंग दांपत्याच्या स्वतःच्या संग्रहात ती का नाही? १८८० च्या आधी तिचा कोठेच उल्लेख का नाही?

१०/ दुसरा साक्षीदार कागद. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातील छपाईचा कागद चिंध्यांच्या लगद्यापासून होत असे. चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा स्पेन व उत्तर आफ्रिकेतील एस्पार्टो गवत वापरात आले. त्याचा खऱ्या अर्थाने शिरकाव १८६१ पासूनचा. रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा त्याहून पुढे, १८७० च्या दशकात आला. कागदाचा कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तंतू ओळखता येतात. ‘१८४७’ च्या पुस्तिकेत रासायनिक लगद्याचे तंतू निघाले. वर्ष खोटे!

११/ तिसरा साक्षीदार खिळा. जुन्या टंकात ‘एफ’ आणि ‘जे’ या इंग्रजी अक्षरांचे बाक खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावत आणि छापताना तुटत. ते आत घेतलेला सुधारित टंक १८८० नंतरचा. संशयित पुस्तिकांत हाच टंक होता, आणि त्यातले प्रश्नचिन्ह भलत्याच संचातून आलेले. असा मिश्र संच दुसऱ्या कोणाकडे असणे जवळजवळ अशक्य. तो नेमका सापडला मॅथ्यू अर्नल्डच्या एका कवितेच्या १८९३ सालच्या प्रतिकृतीत. मुद्रक: क्ले. छापवून घेणारा: वाइझ.

१२/ मोडी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. सनदेवरील मिती, वार, शक आणि सुहूर सन यांचा मेळ घालून पाहणे, शिक्का व कागद तपासणे, हेच तेथेही करावे लागते. मजकूर खोटा रचणे सोपे असते. भोवतालच्या दहा गोष्टी त्याच्याशी जुळवून आणणे अवघड.

१३/ कार्टर–पोलार्ड यांचे पुस्तक १९३४ मध्ये निघाले. सुमारे पन्नास पुस्तिकांची चिकित्सा त्यात आहे. अब्रुनुकसानीच्या कायद्यामुळे वाइझला त्यांनी कोठेही थेट बनावटखोर म्हटलेले नाही. पुरावे मांडून वाचकाला दाराशी आणून सोडले आहे. माझ्या मते पुस्तकाची धार या संयमामुळेच वाढली. वाइझने त्या पुस्तिका हॅरी बक्स्टन फॉर्मन या दिवंगत संग्राहकाकडून आल्याचे सांगून अंग झटकले. फॉर्मन खरोखरच त्याचा साथीदार होता, हे पुढे उघड झाले. पण म्हणून वाइझ सुटला नाही.

१४/ वाइझ १९३७ मध्ये वारला. त्याच वर्षी ॲशली लायब्ररी ब्रिटिश म्युझियमने ६६,००० पौंडांना घेतली. आणि मग १९५० च्या दशकात डेव्हिड फॉक्सन या ग्रंथपालाने वाइझच्या जुन्या नाटकांच्या प्रती म्युझियममधील प्रतींशी ताडून पाहिल्या. म्युझियमच्या प्रतींतील पाने गायब होती; फाटलेल्या कडा, डाग आणि किड्यांनी पाडलेली भोके वाइझच्या व त्याने विकलेल्या प्रतींतील पानांशी जुळत होती. अपूर्ण प्रत पूर्ण झाली की तिचा भाव कितीतरी पट वाढतो. त्यासाठी त्याने सार्वजनिक ग्रंथालयातील पाने फाडून नेली होती. अशा पानांची संख्या दोनशेच्या वर गेली. बनावट पुस्तिकांनी श्रीमंत संग्राहक फसले; या चोरीने मात्र वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाचे नुकसान केले. मला तरी हा दुसरा गुन्हा अधिक गंभीर वाटतो.

१५/ ‘रेडिंग, १८४७’ ची पुस्तिका आजही विक्रीला येते. विक्रेते वर्णनात वाइझची बनावट आवृत्ती असे स्वच्छ लिहितात, शेजारी कार्टर–पोलार्ड यांच्या पुस्तकाचा हवाला देतात, आणि संग्राहक ती आवर्जून विकत घेतात.