प्रकाशीय भोवरे आणि सममिती

प्रकाशीय भोवरा म्हणजे प्रकाशतरंगातील असा बिंदू, की ज्याच्याभोवती तरंगाची कला चक्राकार बदलत जाते आणि ज्या ठिकाणी स्वतः प्रकाशाची तीव्रता शून्य असते. असा लेसर झोत पडद्यावर घेतला, तर मध्ये काळा ठिपका व त्याभोवती तेजस्वी कडे दिसते. भोवरा किती वेढ्यांचा असू शकेल, तो टिकेल की फुटेल, त्याची दिशा उलटेल काय, या गोष्टी प्रकाश ज्या माध्यमातून जातो त्याच्या सममितीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात.

स्वरूप

मराठीत ‘भोवरा’ हा शब्द पाण्यातील आवर्तास, दोरीने फिरवायच्या खेळण्यास आणि डोक्यावरील केसांच्या वळणासही लावतात. यांपैकी केसांचा भोवरा येथे सर्वांत उपयोगी पडतो. त्याच्याभोवती केसांची दिशा फिरत जाते. नेमक्या मध्यावर मात्र केस कोणत्या दिशेला आहेत, हे सांगता येत नाही. प्रकाशाच्या बाबतीत दिशेच्या जागी कला असते. तरंग आपल्या आवर्तनात कोणत्या टप्प्यावर आहे, हे कला सांगते. मध्यबिंदूवर ती अनिश्चित होते, म्हणूनच तेथे तरंगाला उंची राहत नाही आणि अंधार दिसतो. हा अंधार अडथळ्याने पडलेल्या सावलीचा नव्हे.

पाण्याच्या भोवऱ्याचे उत्तम उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यातील निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, ते भोवऱ्यात सापडलेल्या दगडगोट्यांनी बेसाल्टचा खडक घासून कोरले आहेत. तेथील पाणी कमीअधिक कोणत्याही वेगाने फिरू शकते. प्रकाशाला ही मोकळीक नाही. मध्यबिंदूभोवती एक फेरी करून मूळ जागी आल्यावर कला पूर्वीचीच असली पाहिजे. म्हणून एका फेरीत कलेची पूर्ण आवर्तने १, २, ३ अशी पूर्णांकातच होतात. या संख्येला टोपोलॉजिकल चार्ज म्हणतात. या लेखात तिला ‘भोवऱ्याचा अंक’ म्हटले आहे. फिरण्याची दिशा उलट असेल तर अंक ऋण धरतात.

इतिहास

तरंगांतील अशा दोषस्थानांचा पद्धतशीर अभ्यास जॉन नाय आणि मायकेल बेरी यांनी १९७४ मध्ये मांडला. ‘प्रकाशीय भोवरा’ हे नाव १९८९ मध्ये कुले, जिल आणि रोक्का यांच्या लेसरविषयक शोधनिबंधामुळे रूढ झाले. १९९२ मध्ये लेस अॅलन आणि त्यांच्या नेदरलँड्समधील सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अशा झोतातील प्रत्येक फोटॉन भोवऱ्याच्या अंकाच्या प्रमाणात कक्षीय कोनीय संवेग वाहून नेतो. तीनच वर्षांनी प्रकाश शोषणारे सूक्ष्म कण या झोताने प्रत्यक्ष फिरवून दाखवण्यात आले.

पूर्ण वर्तुळाकार सममिती

एमी नॅथर यांच्या १९१८ च्या सिद्धांतानुसार प्रत्येक अखंड सममितीमागे एक अक्षय्य राशी असते. माध्यम झोताच्या अक्षाभोवती कितीही अंशांतून फिरवले तरी तसेच दिसत असेल, तर कोनीय संवेग टिकतो. हवा, साधी काच किंवा गोल छेदाचा तंतू यांत भोवऱ्याचा अंक बदलत नाही, त्याचे कारण हेच. दुसरी प्रसंवादी निर्माण करणाऱ्या स्फटिकात दोन फोटॉनांचा मिळून दुप्पट वारंवारतेचा एक फोटॉन होतो, तेव्हा अंकांचीही बेरीज होते: अंक १ चा झोत आत गेला तर अंक २ चा झोत बाहेर येतो.

खंडित सममिती

आता माध्यम एकसारखे नसून त्यात चौकोनी मांडणीची जाळी आहे, असे समजू. असे माध्यम ९० अंशांतून फिरवले तरच पूर्वीसारखे दिसते, ४५ अंशांतून फिरवल्यास दिसत नाही. येथे अखंड सममिती संपते आणि तिच्याबरोबर अंकाची हमीही संपते. एक क्षीण हमी मात्र उरते. सममिती चार पदरांची असेल तर अंक चारच्या पटीनेच बदलू शकतो.

याची उकल चित्रपटातील गाडीच्या चाकावरून होते. चाक पुढे धावत असताना पडद्यावर त्याचे आरे कधी कधी उलटे फिरताना दिसतात. कॅमेरा ठराविक क्षणांचीच चित्रे टिपतो. दोन चित्रांच्या दरम्यान प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जवळपास पोहोचला, तर डोळ्याला तो थोडा मागे सरकल्यासारखा वाटतो. चौकोनी जाळीतही प्रकाश मुख्यत्वे केंद्राभोवतीच्या चार ठिकाणी साठतो आणि कलेची नोंद जणू त्या चार ठिकाणीच होते. अंक ३ असेल तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना कला २७० अंशांनी पुढे जाते. २७० अंश पुढे जाणे आणि ९० अंश मागे येणे, यांत त्या चार ठिकाणांपुरता काहीच फरक नाही. म्हणून अंक ३ आणि अंक उणे १ हे जाळीला एकच वाटतात.

व्हॅलेन्सिया येथील अल्बर्ट फेरांडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये समूह सिद्धांताच्या आधारे याचे दोन निष्कर्ष काढले. पहिला मर्यादेचा: पदरांची संख्या सम असेल तर मध्यवर्ती भोवऱ्याचा अंक तिच्या निम्म्याहून कमीच असावा लागतो. चौकोनी जाळीत त्यामुळे फक्त १ आणि उणे १ शक्य आहेत, षटकोनी जाळीत २ पर्यंत जाता येते. अंक नेमका निम्मा असेल तर शेजारच्या ठिकाणी कला १८० अंशांनी उलटते, आणि ती पुढे गेली की मागे, हेच ठरत नाही. म्हणजे भोवराच उरत नाही. दुसरा निष्कर्ष रूपांतराचा: अंक ३ चा भोवरा चार पदरांच्या माध्यमात शिरला, तर मध्यभागी तो उणे १ होऊन उलटा फिरू शकतो. मग हिशेबातील चार कोठे गेले, असा प्रश्न वाचकाला पडेल आणि तो योग्यच आहे. मध्यापासून दूर, सममितीला धरून, अंक १ चे चार भोवरे वेगळे उभे राहतात. उणे एक अधिक चार बरोबर तीन.

ध्रुवणालाही हाच हिशेब लागू पडतो. तीन पदरांची सममिती असलेल्या स्फटिकाच्या अक्षातून वर्तुळ-ध्रुवित प्रकाश गेला, तर दुप्पट वारंवारतेचा प्रकाश विरुद्ध दिशेने ध्रुवित होऊन येतो. एक अधिक एक दोन, त्यातून तीन गेले की उणे एक.

अरेषीय माध्यमे

अरेषीय माध्यमात अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलतो. म्हणजे प्रकाश माध्यम घडवतो आणि घडलेले माध्यम प्रकाशाला वळवते. निघोजचा रांजणखळगा येथे पुन्हा आठवावा: भोवरा खळगा कोरतो, आणि खळगा भोवऱ्याला जागेवर धरून ठेवतो. प्रकाशाचा असा स्वतःच स्वतःला सावरणारा झोत म्हणजे सॉलिटॉन होय. तीव्र प्रकाशाने अपवर्तनांक कमी होणाऱ्या माध्यमात भोवरा-सॉलिटॉन टिकतो, हे स्वार्ट्झलँडर आणि लॉ यांनी १९९२ मध्ये प्रयोगाने दाखवले.

अपवर्तनांक वाढत असेल तर गोष्ट वेगळी होते. माध्यम पूर्ण सममित असूनही तेजस्वी कडे तसेच राहत नाही. कोठे तरी प्रकाश किंचित अधिक असतो, तेथे अपवर्तनांक वाढतो, आणखी प्रकाश तिकडे ओढला जातो आणि अखेर कड्याचे तुकडे होऊन ते स्पर्शरेषेच्या दिशेने बाहेर फेकले जातात. सममिती असणे आणि ती टिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तकांत हा भेद पुरेसा स्पष्ट केलेला नसतो. येथे जाळी उपकारक ठरते. प्रकाशाच्याच साहाय्याने स्फटिकात आखलेल्या चौकोनी जाळीत २००४ मध्ये दोन संशोधकगटांनी भोवरा-सॉलिटॉन स्वतंत्रपणे पाहिले. अखंड कड्याऐवजी चार तेजस्वी ठिपके आणि त्यांच्यात ९० अंशांचा कलाभेद, असे त्यांचे रूप होते. पूर्ण सममिती गमावून भोवऱ्याने स्थैर्य मिळवले, असे म्हणता येईल.

अंक ओळखण्याची रीत

गोल कड्याकडे नुसते पाहून भोवरा उजवा की डावा, हे कळत नाही. चौकोनी छिद्रातून झोत नेला तरी दोन्ही भोवऱ्यांची विवर्तन-आकृती सारखीच येते, कारण चौकोन अर्धी फेरी फिरवल्यावर स्वतःवरच बसतो. त्रिकोण तसा बसत नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१० मध्ये समभुज त्रिकोणी छिद्र वापरले, तेव्हा दूरच्या पडद्यावर ठिपक्यांचा त्रिकोण उमटला. त्याच्या एका बाजूवरील ठिपक्यांतून एक वजा केला की अंक मिळतो. अंकाचे चिन्ह बदलले की त्रिकोण उलटा होतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येण्याजोगा हा प्रयोग आहे.

भारतीय संदर्भ

शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ध्रुवण बदलताना प्रकाशाला मिळणारी भूमितीय कला दाखवून दिली. २००६ मध्ये नेपल्स येथे मारुच्ची आणि सहकाऱ्यांनी याच कलेचा उपयोग करून द्रवस्फटिकाची तबकडी बनवली. तीतील रेणूंची मांडणी पूर्णपणे वर्तुळाकार सममित होती. वर्तुळ-ध्रुवित प्रकाश तिच्यातून जाताना त्याचा ध्रुवणाचा अंक १ वरून उणे १ होतो, आणि कमी झालेले दोन भोवऱ्याच्या अंकात जमा होतात. तबकडीकडे काहीच जात नाही. अहमदाबाद येथील भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आणि हैदराबाद विद्यापीठात प्रकाशीय भोवऱ्यांवर संशोधन झाले आहे.