शिवडीच्या बीडीडी चाळी : घर, हवा आणि आरोग्य

मुंबई बंदराच्या जमिनीवरील बारा चाळींचा समूह. शहरातल्या २०७ बीडीडी चाळींपैकी वरळीत १२१, नायगावात ४२ आणि ना. म. जोशी मार्गावर ३२ आहेत. शिवडीचा वाटा सर्वांत लहान. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने या चाळी बांधल्या. नावातली तीन अक्षरे त्याच खात्याची.

रचना : तळमजला आणि वर तीन मजले. दर मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. मधोमध पॅसेज आणि दोन्ही अंगांना समोरासमोर खोल्या. आरोग्याचा सगळा प्रश्न या पॅसेजपाशी येऊन ठेपतो. बाहेरची खिडकी एकाच बाजूला, त्यामुळे वारा आरपार जायचा तर आपलेही दार उघडे हवे आणि समोरच्याचेही. दिवसभर सताड उघड्या दारांचे कौतुक शेजारधर्माची खूण म्हणून होते; ती हवेचीही गरज होती, हे क्वचितच कोणी लिहिते. लोटलेल्या दारामागे स्वयंपाकाची वाफ, मोरीची ओल आणि पावसाळ्यात दोरीवर न वाळणारे कपडे खोलीतच कोंडून राहतात. साठवणीच्या पिंपावर झाकण नसेल तर डेंग्यूच्या डासांची सोय होते, कारण एडिस डासाला स्वच्छ, साचलेले पाणीच लागते.

क्षयरोग : याचे जंतू खोकल्यातून हवेत जातात, कोंदट खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात, उन्हात मरतात. एकाच खोलीत पाच-सहा जणांनी झोपायचे म्हटल्यावर रुग्णाला वेगळे ठेवणार कुठे? शहरभरचे क्षयरुग्ण ज्या महापालिका रुग्णालयात येतात, तेही शिवडीतच आहे. मुंबईत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांची नोंद डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस प्रसिद्ध केली, तेव्हा या रोगाकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. एप्रिल २०१८पासून केंद्र सरकार रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देऊ लागले. नोव्हेंबर २०२४मध्ये ते १,००० झाले. पैशाने दूध-अंडी येतात, खिडकी येत नाही.

पुनर्विकास : वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील काम म्हाडाकडे गेले; वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. शिवडीची जमीन बंदराची, म्हणजे केंद्राच्या ताब्यातली, म्हणून ती त्या योजनेबाहेर राहिली. मात्र नवी इमारत म्हणजे मोकळी हवा असेही नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेच्या पाहणीत क्षयाचे प्रमाण या मजल्यांवरच अधिक आढळले.