खालिद जमील : मैदानातून प्रशिक्षकपदाकडे

भारतीय पुरुष फुटबॉल संघाचे प्रशिक्षकपद १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांच्याकडे आले. २०१२ मध्ये गोव्याचे साविओ मेदेइरा पायउतार झाल्यानंतर हे पद पूर्णवेळ सांभाळणारे ते पहिलेच भारतीय.

जमील यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेतमध्ये झाला. कारकीर्द मात्र मुंबईत घडली. मध्यफळीतील खेळाडू म्हणून ते महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि भारताकडून खेळले. दुखापतींनी ही कारकीर्द खुंटली. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि सात वर्षे तेथे राहिले. या काळाची फारशी दखल घेतली गेली नाही, तरी त्यांची शैली तेथेच आकाराला आली : आधी बचाव भक्कम, मग संधी साधून प्रतिहल्ला.

तिचे फळ ऐझॉलमध्ये मिळाले. आय-लीगमधून घसरलेल्या या मिझो संघाला गोव्यातील क्लबांच्या माघारीमुळे पुन्हा प्रवेश मिळाला होता. जयेश राणे, आशुतोष मेहता अशा मुंबई एफसीत खेळलेल्या खेळाडूंना जमील यांनी सोबत घेतले. एप्रिल २०१७ मध्ये ऐझॉलने मोहन बागानला १-० असे नमवले आणि आठवड्याभराने शिलाँगमधील बरोबरीनंतर अवघ्या एका गुणाच्या फरकाने विजेतेपद पटकावले. पुढे २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना कायम केले, तेव्हा आयएसएलमधील ते पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरले.

राष्ट्रीय संघाची सुरुवात आश्वासक होती. सप्टेंबर २०२५ मध्ये काफा नेशन्स चषकात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारत तिसरा आला. खरी कसोटी मात्र सिंगापूरविरुद्ध लागली. यिशुनला मेट्रो धरून बिशानला गाडी बदलली की ज्या राष्ट्रीय स्टेडियमशी उतरता येते, तेथे ९ ऑक्टोबर रोजी आशियाई चषकाचा पात्रता सामना झाला. इख्सान फांदी याने सिंगापूरला आघाडी मिळवून दिली. (त्याचे वडील फांदी अहमद हेही खेळाडू असताना गाजलेले आणि पुढे प्रशिक्षक झालेले.) उत्तरार्धाच्या प्रारंभीच संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाले. दहा जणांचा भारत तग धरून राहिला आणि ९०व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. जमील यांच्या चिवट पद्धतीचा हा उत्तम नमुना होता.

पाचच दिवसांनी मडगावात तिची मर्यादाही दिसली. छांगतेच्या गोलने आघाडी मिळूनही भारत १-२ असा हरला. सिंगापूरचे दोन्ही गोल सोंग उई-यंगचे. भारताचे आव्हान तेथेच संपले. नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगला हरवून सिंगापूर २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरले. त्याच दिवशी ढाक्यात भारत बांगलादेशकडून ०-१ असा पराभूत झाला.