साखळी, आणे आणि संगणक : जुन्या टिपणाचा वारसा

१/ लांजा तालुक्यात जमिनीचा आराखडा संगणकावर काढणाऱ्या आरेखकासमोर पुष्कळदा एक जुना कागद येतो : टिपण. तो स्कॅन करून पडद्यावर ठेवावा आणि रेषा गिरवाव्यात, असा मोह होतो. पहिली चूक येथेच घडते. तिचे कारण मोजणीच्या इतिहासात आहे.

२/ मुंबई इलाख्याच्या मोजणीपद्धतीचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात घातला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम निश्चित केले. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र खोतीमुळे जमिनीवरील हक्कांचा प्रश्न बिकट होता. १८८० मध्ये खोतीसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली.

३/ या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले होते. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. आजच्या व्यवहारातला गुंठा याच साखळीचा वारस आहे.

४/ इंग्लंडात एडमंड गंटरने १६२० मध्ये रूढ केलेली साखळी मात्र ६६ फुटांची. संगणकावरील रूपांतराच्या तक्त्यात 'चेन' म्हणून बहुधा तीच सापडते. ती निवडली, तर प्रत्येक लांबी दुप्पट आणि क्षेत्र चौपट होते. इलाख्याच्या साखळीसाठी १ साखळी = १०.०५८४ मीटर आणि १ आणा = ०.६२८६५ मीटर हेच प्रमाण धरावे.

५/ टिपणावरील आकृती प्रमाणात काढलेली नसते. मोजणीदार शेतातून एक मूळ रेषा धरून चाले, कोपऱ्यांपर्यंतचे लंब मोजे आणि आकडे कागदावर टिपून ठेवी. म्हणून टिपणातली रेषा गिरवायची नसते, तिच्यावरचे आकडे वाचायचे असतात.

६/ १९६३ मध्ये आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' मांडले आणि १९८२ मध्ये 'ऑटोकॅड' बाजारात आले. या साधनांत रेषा आकड्यांवरून काढता येते, त्यामुळे ती टिपणाला साजेशी आहेत. 'लिब्रेकॅड' हे मोफत साधनही या कामाला पुरते.

७/ कामाचा क्रम असा ठेवावा. एकक आधी ठरवावे. मूळ रेषा, लंब आणि हद्द यांचे थर वेगळे ठेवावेत. बिंदू नजरेने न जोडता 'स्नॅप' वापरून जोडावेत. हद्द एकाच बंद बहुरेषेत काढून क्षेत्र पाहावे आणि ते सातबाऱ्याशी ताडावे. फरक आला, तर आकृती ओढूनताणून बसवू नये. आकडे पुन्हा वाचावेत.

८/ प्रमाणात काढलेला जुना नकाशा स्कॅन केलेला असेल, तर कागद आकसलेला असू शकतो, तोही दोन्ही दिशांना सारखा नव्हे. म्हणून आडवे आणि उभे, अशी दोन ज्ञात अंतरे तपासावीत.

९/ कोकणात आणखी एक बाब महत्त्वाची. नकाशातील क्षेत्र सपाट प्रतलावरचे असते. डोंगरउतारावर फीत जमिनीलगत ताणली, तर अंतर जास्त भरते. ३० मीटरच्या ३० अंशी उताराचे आडवे अंतर सुमारे २६ मीटरच असते. शेजाऱ्याने जमीन खाल्ली, असा संशय कधी कधी एवढ्याशा गोष्टीतून जन्मतो.

१०/ संगणकावरील आराखडा कितीही नेटका असला, तरी हद्द कायम करण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीला आहे. आरेखकाचा आराखडा तिची जागा घेत नाही. मात्र हिस्सेदार मुंबईत आणि जमीन लांज्यात असेल, तेव्हा आणे-साखळीचे आकडे बरोबर वाचलेला कागद घरातल्या घरात अनेक गैरसमज मिटवू शकतो.