कागदावरचा शब्द

१९८९ च्या पावसाळ्यात दादाला दाखल करायला निघालो, तेव्हा आईने त्याच्या आवडीचं थालीपीठ डब्यात घेतलं होतं. तो राजी नव्हता, म्हणून इस्पितळाआधी कोर्टाची पायरी. दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय भरती नाही. कागदावर त्याच्या नावाला ‘ल्युनॅटिक’ असं टाइप करून जोडलेलं. दादा इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला. त्याने ते दोनदा वाचलं आणि डबा आईच्या हातात परत दिला.

तो शब्द कारकुनाच्या पदरचा नव्हता, १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टचा होता. त्या कायद्याला आजाऱ्यापेक्षा आजाऱ्यापासून इतरांना जपण्याची काळजी जास्त. १९८७ ला नवा कायदा झाला, पण लागू व्हायला १ एप्रिल १९९३ उजाडला. दादाचा कागद नेमका त्या मधल्या वर्षांतला. मला ती दिरंगाई आजही माफ करता येत नाही.

त्याच १९९३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत अशी माणसं खितपत होती आणि त्यांच्यासाठी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे न्यायालयात गेल्या होत्या. ते वाचलं आणि मला घाम फुटला. परक्यांसाठी ही बाई भांडते आणि सख्ख्या भावाबद्दल मी चार वर्षं शेजाऱ्यांना सांगतेय, दादा नागपूरला नोकरीला आहे!

१९९७ ला डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. ते कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक होते. घरातच, पत्नीला हा आजार. असोसिएशनच्या बैठकांत रुग्णाला ‘शुभार्थी’ म्हणायचे, सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. तिसऱ्या बैठकीत मी उठून दादाचं खरं नाव आणि आजार, दोन्ही सांगितलं. नंतर बोलायचं थांबले नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं आगीत गेली, तेव्हा तर गप्प राहणं शक्यच नव्हतं.

साखळ्यांवर सरसकट बंदी घालणारा कायदा व्हायला २०१७ उजाडलं. त्याच कायद्यात, आपल्या वतीने कुणी बोलावं हे रुग्णाने स्वतः लिहून द्यायची सोय आहे. दादाने साध्या कागदावर, ठळक अक्षरांत माझं नाव लिहिलं. आम्ही बसलो होतो त्या बाकावर, शेजारी एक बाई तरुण मुलाला घेऊन बसल्या होत्या. मी दादाकडे अजून एक कोरा कागद मागितला.